इंजिनाचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण गोवेकरांनी देवळांपुरता राखून ठेवला आहे. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळला आला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. जागा बदलली, भिंती बदलल्या, छप्पर बदललं, तरी हा देव दुसरा झाला असं कोणी म्हटलं नाही. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नार्व्याला गेला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचं देऊळ बांधून घेतलं, तेव्हाही देव तोच राहिला. तबल्याची पुडी फाटली की नवी चढवतात. त्यासाठी तबला कोणी भंगारात घालत नाही. जे झिजतं ते बदलायचं आणि जे टिकतं ते सांभाळायचं, ही आपल्याकडची जुनी रीत.

मग गाडीचं इंजिन झिजलं की आपण एवढे हवालदिल का होतो?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. सांस्कृतिक विषयांवर लिहिणाऱ्याने पिस्टन आणि रिंगा यांच्यावर का लिहावं, असंही कोणी विचारील. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत गोव्यातल्या शंभरातल्या सुमारे पंचेचाळीस घरांत मोटारगाडी असल्याचं दिसलं. देशात आपला पहिला नंबर. देशाची सरासरी आठ घरंही नाही. म्हणजे देव्हारा आणि तुळशीवृंदावन यांच्याइतकीच गाडी आता गोव्याच्या घरात रुजलेली वस्तू आहे. चवथीच्या माटोळीचं सामान तिच्यातून येतं, म्हाताऱ्या आईला बांबोळीला तीच नेते, मुलीची पाठवणी तिच्यातूनच होते. या वस्तूशी आपण कसं वागतो हा संस्कृतीचाच प्रश्न आहे. आणि आपण वाईट वागतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

हल्ली एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं. गाडीने जरा तेल प्यायला सुरुवात केली, मागून निळसर धूर दिसला, चढणीला दम लागला, की भाचा म्हणतो, शेजारी म्हणतो, बँकेतला ओळखीचा म्हणतो, "कितलें ओडटलो तिका? उडय आनी नवी घे." सल्ला देणाऱ्याने बॉनेट उघडलेलं नसतं. कॉम्प्रेशन किती भरलं हे त्याने विचारलेलं नसतं. गाडीचा पत्रा गंजलाय की शाबूत आहे, गिअरबॉक्स कसा आहे, याची त्याला फिकीर नसते. इंजिन म्हातारं झालं म्हणजे गाडी मेली, असा त्याचा ठाम समज असतो. सात वर्षांचं कर्ज काढून नवी गाडी दारात लावणं ही प्रगती, आणि आहे त्या गाडीला नीट बांधलेलं इंजिन बसवणं हा चिक्कूपणा! हा समज कोणी पसरवला आणि त्यातून कोणाचं भलं होतं, हे जरा पाहू.

आधी 'बांधलेलं इंजिन' म्हणजे काय ते सांगतो, कारण या एका नावाखाली बाजारात तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

पहिली वस्तू म्हणजे भंगारातलं इंजिन. अपघातात चेपलेल्या गाडीतून काढलं, रॉकेलने धुतलं, वरून चांदीचा रंग मारला आणि "एकदम रिबिल्ट" म्हणून ठेवलं. आत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. दुसरी वस्तू, रिंगा आणि बेअरिंगा घालून जोडून दिलेलं इंजिन. सिलिंडर आतून झिजून लंबगोल झालेला असतो, त्यात नव्या गोल रिंगा घातल्या तर त्या बसणार कशा? सहा महिने गाडी गप्प राहते, मग पुन्हा तेल प्यायला लागते. आणि तिसरी वस्तू म्हणजे खरोखर बांधलेलं इंजिन. माझा वाद फक्त या तिसऱ्यासाठी आहे.

खरं काम असं होतं. इंजिन पूर्ण खोलतात, शेवटच्या बोल्टापर्यंत. ब्लॉक धुऊन सिलिंडरमध्ये बोअर गेज घालून वर, मध्ये, खाली, आडवं आणि उभं माप घेतात. झीज ठरावीक मर्यादेपलीकडे असेल तर ब्लॉक बोअरिंग मशीनवर चढवून पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा करतात आणि त्या मापाचे मोठे पिस्टन घालतात. तेवढीही जागा उरली नसेल तर स्लीव्ह बसवतात. बोअर झाल्यावर होनिंग करतात, म्हणजे भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडतात. त्या रेघांत तेल धरून राहतं, म्हणून रिंगा नीट बसतात. क्रँक मायक्रोमीटरने मोजतात, गरज असेल तर ग्राइंड करतात आणि त्या मापाच्या बेअरिंगा घालतात. हेड वाकलंय का ते सरळ पट्टी लावून पाहतात, फेसिंग करतात, वाल्व आणि त्यांच्या सीटा घासून बसवतात, वाल्वची सीलं नवी घालतात. तेलाचा पंप, पाण्याचा पंप, टायमिंगचा पट्टा, सगळी गॅस्केटं नवी. शेवटी प्रत्येक बोल्ट ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या जोराने टॉर्क पान्याने आवळतात. मग पहिले हजार किलोमीटर गाडी सांभाळून चालवायची, इंजिन ओरडवायचं नाही, आणि तेवढ्यातच पहिलं तेल बदलायचं.

हे वाचून लक्षात येईल की यात अंदाजपंचे काहीच नाही. इथे माप बोलतं. मापाचा कागद जो मेस्त हातात देत नाही, त्याने इंजिन बांधलेलं नाही, जोडलेलं आहे.

या विषयावर मला बोलण्याचा अधिकार कुठून आला, तर तो दादरा-नगर हवेलीतल्या गलोंड्याहून. सिल्वासाजवळचं हे गाव. आमचे एक नातलग सिल्वासाच्या कारखान्यात नोकरीला, त्यांच्या घरच्या लग्नाला २०२२ च्या डिसेंबरात आम्ही गोव्याहून गाडीनेच गेलो होतो. गाडी २००९ ची, छोटी, पेट्रोलवर चालणारी. वर्षभर ती तेल पीत होती, हजार किलोमीटरला जवळजवळ लिटरभर. गलोंड्याच्या अलीकडे तिने मान टाकली. मी तिथल्या एका गाराजात ढकलत नेली.

आपल्या वाचकांना या भूमीचं नातं आठवून द्यायला हवं, कारण गोव्यातल्या नव्या पिढीला सिल्वासा म्हटलं की फक्त कारखाने आठवतात. मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांच्या 'सांताना' नावाच्या जहाजाचं नुकसान केलं, त्याची भरपाई म्हणून पेशव्यांनी नगर हवेलीचा महसूल त्यांना तोडून दिला आणि १७८३ साली तो मुलूख पोर्तुगीजांच्या हाती गेला. एका मोडलेल्या जहाजापायी गावंच्या गावं गेली! मोडलेल्या वस्तूची एवढी महाग भरपाई इतिहासात क्वचितच झाली असेल. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आझाद गोमंतक दल, युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्स, संघाचे स्वयंसेवक यांनी तो मुलूख सोडवला. सुधीर फडके त्यात होते हे आपल्याला ठाऊक आहेच. आपल्या सुटकेच्या सात वर्षं आधी तो सुटला आणि १९६१ पर्यंत वरिष्ठ पंचायतीने तिथला कारभार चालवला. पोर्तुगालने हेगच्या न्यायालयात वाटेच्या हक्काचा दावा लावला, त्याचा निकाल एप्रिल १९६० मध्ये आला. त्या सात वर्षांत त्या छोट्या मुलखाने आहे त्या साधनांवर निभावून नेलं. वारली, कोकणा, धोडिया यांची ही भूमी. पुढे करसवलतींमुळे तिथे कारखान्यांची रीघ लागली, ट्रक आले, यंत्रं आली आणि त्यांच्यामागून यंत्रं दुरुस्त करणारे हातही तयार झाले.

त्या हातांपैकी एक मला भेटला. पंचविशीतला कोकणा मुलगा, बापाचं गाराज चालवणारा. मराठी बोलायचा, मधूनच गुजराती शब्द. त्याने आधी काही मत दिलं नाही. स्पार्क प्लग काढले, गेज लावलं, चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन घेतलं आणि खडूने भिंतीवर चार आकडे लिहिले. दोन ठीक होते, एक कमी, एक अगदी पडलेला.

"काका, रिंगा टाकून देऊ शकतो," तो म्हणाला, "पण पैसे वाया जातील. गोव्यापर्यंत पोचाल, पुढच्या पावसाळ्याला मला शिव्या द्याल."

इंजिन खोलल्यावर कळलं की ब्लॉक आधीच एकदा मोठा केलेला होता आणि एका सिलिंडरला उभी चीर होती. मी ती गाडी जुनी म्हणूनच विकत घेतली होती, त्यामुळे आधीच्या मालकाच्या काळातलं ते काम. आता त्याच बनावटीचा दुसरा ब्लॉक शोधणं भाग होतं. मी गोव्यात फोन लावला. ज्या शोरूममध्ये गाडीची सर्व्हिसिंग व्हायची, त्यांनी नव्या इंजिनाचा अंदाज सांगितला, एक लाख पंधरा हजार. वर सल्ला दिला की गाडीची किंमतच साठ हजार आहे, तेव्हा एक्स्चेंजमध्ये द्या, आज बुक केलीत तर अमुक सूट. बांधलेल्या इंजिनाबद्दल विचारलं तर पलीकडून उत्तर आलं, "सर, ते आम्ही रेकमेंड करत नाही." का नाही, ते सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं.

गलोंड्याच्या त्या पोराने मागून आदळलेल्या एका गाडीचं इंजिन मिळवलं. त्या गाडीच्या नोंदणी पुस्तकाची प्रत आणि विक्रीचं बिल त्याने आधी माझ्या हातात ठेवलं, मगच इंजिन खोललं. ब्लॉक वापीला बोअरिंगला गेला. मी वापीहून मुंबई आणि मुंबईहून मडगाव असा रेल्वेने परत आलो. तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो तेव्हा वहीच्या एका पानावर सगळी मापं लिहिलेली होती. कोणता बोअर किती, क्रँकचं जर्नल किती, पिस्टन आणि भिंत यांच्यातली जागा किती. जुन्या रिंगा, बेअरिंगा, जुनं गॅस्केट एका गोणपाटात बांधून ठेवलेलं. "बघून घ्या काका, नाहीतर म्हणाल की बदललंच नाही." खर्च सगळा मिळून बावन्न हजार. तेव्हापासून गाडी बावीस हजार किलोमीटर चालली आहे आणि तेलाची काडी पहिल्या खुणेवरून हललेली नाही. २०२४ साली पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा तपासणीत पास होऊन नोंदणीही नवी झाली.

एका गाडीवरून सिद्धांत मांडू नये, हे मला कळतं. म्हणून मुंबईकडे पाहा. फियाट ११०० म्हणून कुर्ल्याच्या कारखान्यात सुरू झालेली आणि पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेलेली गाडी मुंबईत टॅक्सी म्हणून पिढ्यान् पिढ्या धावली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला ती रस्त्यावरून उतरली. दिवसरात्र दोन पाळ्यांत धावणारी १०८९ सीसीची गाडी एवढा काळ टिकली ती काय कंपनीच्या कृपेने? शहराच्या गल्लीबोळांत बोअरिंगवाले होते, क्रँक ग्राइंड करणारे होते, हाफ इंजिन आणि फुल इंजिन या शब्दांचा अर्थ प्रत्येक टॅक्सीवाल्याला ठाऊक होता. इंजिन उघडणं ही शोकांतिका नव्हती, दोन-चार दिवसांची गैरसोय होती.

आणि गोवा? आमच्या लहानपणी पोर्तुगीज काळात आलेल्या विलायती गाड्या टॅक्सी म्हणून धावताना आम्ही पाहिल्या आहेत. १९६१ नंतर त्यांचे सुटे भाग सहजी मिळेनात, तेव्हा आमच्या मेस्तांनी लेथवर भाग घडवले, दुसऱ्या गाडीचं इंजिन फाउंडेशन बदलून बसवलं आणि त्या गाड्या चालत्या ठेवल्या. कुडचडे, सावर्डे, डिचोली, उसगाव या पट्ट्यात खनिजाच्या ट्रकांनी एक अख्खी कारागिरी उभी केली होती. चढावर भरलेला टिपर रोज ओढून डिझेल इंजिन खलास व्हायचं, पावसाळ्यात खाणी बंद असत, तेव्हा ओळीने इंजिनं खोलली जात. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मध्ये काही काळ चालल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. ट्रक अंगणात उभे राहून गंजले, याच्या बातम्या आपण वाचल्या. त्या ट्रकांबरोबर कोणाचे हात बेकार झाले, याची बातमी मी वाचलेली नाही. खाणींनी गोव्याचं काय केलं हा वेगळा वाद आहे आणि त्यात मी खाणवाल्यांच्या बाजूचा नाही. पण माप घेऊन इंजिन बांधणारा माणूस खाणीबरोबर गाडला जाण्याचं कारण नव्हतं. आपण त्याला दुसरं काम दिलं नाही, कारण आपल्या चारचाकी आपण एव्हाना शोरूमच्या हवाली केल्या होत्या.

आता कंपन्यांकडे वळू. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. आरोप असा की सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधनं या कंपन्या खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, त्यामुळे मालकाला कंपनीच्याच दारात जावं लागतं. कंपन्या न्यायालयांत आणि अपिलांत गेल्या, दंडाचं पुढे जे व्हायचं ते झालं. पण आयोगाने जे लिहिलं ते आपल्या रोजच्या अनुभवाचं आहे. तुमच्या गावच्या मेस्ताला भाग मिळू द्यायचा नाही, माहिती मिळू द्यायची नाही आणि मग म्हणायचं की स्थानिक गाराजात दर्जा नसतो! डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, युरोपीय संघाने २०२४ साली काही वस्तूंच्या दुरुस्तीबाबत निर्देश काढला. जगात वारं कुठून वाहतंय ते दिसतं आहे. आपण मात्र शोरूमच्या काचेला नाक लावून उभे.

कायद्याची बाजूही सांगतो, कारण इथे सामान्य मालकावर अन्याय आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. आपल्याच ब्लॉकचं बोअरिंग करून इंजिन बांधलं तर इंजिन नंबर तोच राहतो, काही प्रश्न येत नाही. दुसरा ब्लॉक बसवला की नंबर बदलतो, मग नोंदणी पुस्तकात तो चढवून घ्यावा लागतो. हे योग्यच आहे. चोरीच्या गाड्यांची इंजिनं बाजारात फिरतात, नंबर घासून पुसले जातात, तेव्हा सरकारने विचारलंच पाहिजे. पण त्याच कलमात एक सवलत आहे. राज्य सरकार अधिसूचना काढून असं ठरवू शकतं की ज्याच्याकडे किमान दहा व्यावसायिक वाहनं आहेत त्याने त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन आधी परवानगी न घेता बदलावं आणि चौदा दिवसांत कळवावं. दहा ट्रकांच्या धन्याला विश्वास आणि एका गाडीच्या मास्तराला संशय! मला माझ्या गाडीचा नंबर चढवून घ्यायला चार खेपा झाल्या. बिल होतं, जुन्या गाडीची कागदपत्रं होती, गाडी समोर उभी होती, तरी प्रत्येक खेपेला एक नवा कागद. या चार खेपा वाचवायला लोक काय करतात? नंबर चढवतच नाहीत. मग अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते, पोलीस इंजिन नंबर जुळवायला गेले की मालक गुन्हेगार ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. प्रामाणिक वाट अवघड आणि लबाडीची सोपी ठेवली की लोक कोणत्या वाटेने जाणार?

२०२१ च्या ऑगस्टमध्ये जुनी वाहनं मोडीत काढण्याचं धोरण आलं. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेलं. उद्देश प्रदूषण कमी करण्याचा, आणि त्या उद्देशाची टिंगल मी करणार नाही. समोरच्या बाजूचं म्हणणं खरं आहे तिथे ते मान्य करायला हवं. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्या माझ्या २००९ च्या गाडीपेक्षा नक्कीच स्वच्छ आहेत. नवं इंजिन बसवलं म्हणून जुन्या गाडीत एअरबॅग उगवत नाहीत. शहरात रोज दोनशे किलोमीटर धावणाऱ्या जुन्या डिझेल टॅक्सीला पुन्हा पुन्हा इंजिन बांधून चालू ठेवावं, असं मी म्हणणार नाही. पत्रा कुजलेला असेल, चासी वाकलेली असेल, तर कितीही चांगलं इंजिन घालून उपयोग नाही. गाडी भंगारात द्यावी हेच बरं.

पण धूर मोजायचा असेल तर धूर मोजा, वय कशाला मोजता? तेल जाळणारी दहा वर्षांची गाडी नीट बांधलेल्या पंधरा वर्षांच्या गाडीपेक्षा जास्त घाण करते. चांगला मेस्त इंजिन बांधताना सांगतो की इतकी वर्षं तेल जळल्यामुळे सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही गेलाय, तो बदला, ऑक्सिजन सेन्सर बदला. माझ्या बावन्न हजारांत तेही होतं. शिवाय नवी गाडी आभाळातून पडत नाही. तिचं पोलाद, काच, रबर, प्लास्टिक बनवताना कित्येक टन कार्बन हवेत जातो, तो शोरूमच्या पाटीवर लिहिलेला नसतो. वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर चालणाऱ्या गावच्या गाडीच्या बाबतीत तो हिशेब फिटायला खूप वर्षं लागतात. आणि पोलाद ज्या खनिजातून येतं ते कोणाच्या डोंगरातून निघतं, हे गोवेकराला तरी सांगायला नको.

मला खरी चीड येते ती मात्र कंपन्यांची किंवा सरकारची नाही. कंपनीने गाडी विकायचीच, तो तिचा धंदा. चीड येते ती आपली. आपल्या गावोगावची कौलारू देवळं, लाकडी खांब, मातीच्या रंगाच्या भिंती आपण गेल्या काही दशकांत पाडल्या आणि त्या जागी काँक्रीट आणि संगमरवर उभा केला. त्यालाही आपण जीर्णोद्धार म्हणतो! वासा कुजला होता तर वासा बदलायचा होता. आपण गाभाऱ्यापर्यंत सगळं जमीनदोस्त करून नवीन बांधलं आणि देणगीदारांच्या पाट्या लावल्या. ज्या समाजाने देऊळ मोडून नवं बांधण्याला जीर्णोद्धार हे नाव दिलं, तो गाडीच्या इंजिनाकडे वेगळ्या नजरेने कसा पाहील? दोन्हीकडे रोग एकच. दुरुस्ती करणाऱ्या माणसाला आपण कमी लेखतो आणि विकणाऱ्याला साहेब म्हणतो. सुताराचा मुलगा सुतार होत नाही, मेस्ताचा मुलगा मेस्त होत नाही, कारण आपण त्याला लग्नाच्या बाजारात विचारत नाही. मग नळ गळला, वाल्व गळला, कौल फुटलं की बाहेरून माणूस आणायचा आणि "गोंयकार कष्ट करत नाही" म्हणून सुस्कारे टाकायचे.

वाचकहो, तुमच्या गाडीने तेल प्यायला सुरुवात केली असेल, तर शोरूममध्ये जाण्याआधी एवढं करा. कॉम्प्रेशन मोजून घ्या आणि आकडे लिहून घ्या. पत्रा आणि चासी वर उचलून खालून पाहा. इंजिन बांधायचं ठरलं तर आधी आपलाच ब्लॉक वापरता येतो का ते विचारा, म्हणजे नंबरही तोच राहील आणि खेपाही वाचतील. दुसरा ब्लॉक घ्यावा लागला तर तो कोणत्या गाडीतून आला याचा कागद आणि बिल हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेलाही कळवा. बोअरची, क्रँकची मापं लिहून मागा. जुने भाग परत मागा. चांदीचा रंग मारलेलं इंजिन दाखवून जो "सहा महिन्यांची गॅरंटी" म्हणतो, त्याला नमस्कार करून बाहेर पडा. इंजिन बसल्यावर नंबर चढवून घ्या, विमा कंपनीला लेखी कळवा, चार खेपा झाल्या तरी.

आणि आपल्या आमदारांना दोन गोष्टी विचारा. त्याच बनावटीचं बांधलेलं इंजिन बसवणाऱ्या एका गाडीच्या मालकाला एकाच खेपेत, एकाच अर्जावर नोंद करून मिळण्याची सोय गोव्याच्या वाहतूक खात्यात का होऊ नये? आणि आपल्या आयटीआयमधून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलाला बोअर गेज हातात धरून माप घेता येतं का? येत असेल तर त्याला कुडचड्यात, फोंड्यात, म्हापशात स्वतःचं बोअरिंग मशीन टाकायला कर्ज का मिळत नाही, जेव्हा नव्या गाडीसाठी तेच कर्ज अर्ध्या तासात मंजूर होतं?